‘थ्री-फिफ्टी’ म्हणून गळ्यात मारलेलं इंजिन

जुन्या अमेरिकन गाडीसाठी इंजिन शोधताय आणि विकणारा नुसता ‘थ्री-फिफ्टी आहे’ एवढंच घोकतोय? मग आधी हे वाचा.

माझ्या १९६९च्या ओल्ड्समोबिल (थोडक्यात ‘ओल्ड्स’) कटलाससाठी त्याच कंपनीचं रॉकेट ३५० इंजिन हवं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एकाने फोटो पाठवले. सगळे वरून काढलेले, मधोमध भलाथोरला एअर क्लीनर (हवा गाळणारा डबा), त्यावर रॉकेटचं कोरं स्टिकर. ‘तुमच्याच गाडीचं’ म्हणाला. १,८०० डॉलर आगाऊ घेतले. माल पॅलेटवर आला, सोनेरी रंगात न्हालेला. गिअरबॉक्सला जोडायला घेतलं तर बोल्टची भोकंच जुळेनात. ब्लॉकच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, तर सोनेरी पापुद्र्याखाली नारिंगी! शेवरलेटचा रंग.

गंमत अशी की आकडा खोटा नाही. १९६८ पासून जनरल मोटर्सच्या शेवरलेट, ओल्ड्स, पॉन्टियाक आणि ब्युइक या चौघांकडे आपापलं ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन होतं, आणि चारही मुळातूनच वेगळी. शेवरलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८, ओल्ड्सचा ४.०५७ आणि ३.३८५. आठ सिलिंडरचं आकारमान काढा, दोन्हीकडे जवळपास ३५०च येतात. पण गिअरबॉक्सकडचे बोल्ट वेगळे, इंजिन गाडीत बसवायचे माउंट वेगळे. शेवरलेटचं इंजिन पैशाला पासरी मिळतं, म्हणून तर ते रंगवून खपवायचा मोह.

खुद्द कंपनीनेही हा उद्योग केला होता, बरं का. १९७७च्या ओल्ड्स डेल्टा ८८ मध्ये गुपचूप शेवरलेटचं ३५० बसवलं. सुटे भाग बसेनात तेव्हा गिऱ्हाइकांना कळलं, आणि इलिनॉय राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने (सरकारच्या मुख्य वकिलाने) कंपनीला कोर्टात खेचलं.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मोजा. ओल्ड्सला एका बाजूला १०, त्या काळच्या शेवरलेटला ४. ओल्ड्सची ऑइल भरायची नळी पुढच्या बाजूला उभी असते. एअर क्लीनर काढून, बाजूने फोटो मागवा. कास्टिंग नंबरचा (ब्लॉकवर ओतीव उठवलेल्या आकड्याचा) जवळून घेतलेला फोटोही मागा. देत नसेल तर रामराम.

पैसे परत मागितले तर गडी शांतपणे म्हणतो, “पावती बघा, ३५० लिहिलंय, ३५०च दिलं.” पावतीवर खरंच तेवढंच होतं. तुम्ही मेक (इंजिन कोणत्या कंपनीचं ते) आणि कास्टिंग नंबर दोन्ही लिहून घ्या.

माझं ते इंजिन आता विकायला काढलंय, शेवरलेट म्हणूनच. निम्मे आले तरी पुष्कळ.