अधिवेशनाचं कामकाज व्हॉट्सॲपवर पाठवणारी सर्व्हिस, ५ पैकी २ स्टार

नाव लिहीत नाही, पण अधिवेशन चालू असताना सभागृहाचं रोजचं कामकाज व्हॉट्सॲपवर पाठवणारी एक सर्व्हिस आम्ही विनाअनुदानित शिक्षकांनी वर्गणी काढून घेतली होती.

आधी चांगलं सांगतो. रोज रात्री न चुकता विधानसभेचा दुसऱ्या दिवशीच्या कामकाजाचा क्रम यायचा, तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) कुठले, नियम १०५ च्या लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणाऱ्या सूचना) कुठल्या, नियम २९३ खालची सार्वजनिक प्रश्नांवरची चर्चा आहे का, सगळं समजेल अशा मराठीत. आमदारांच्या पीएला दहा फोन करायचे वाचले हे खरंय.

घोळ आहे तो बदलांचा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमच्या शाळांना टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची लक्षवेधी लागली, मेसेज आला की ७ नंबरला आहे, म्हणजे प्रश्नोत्तरं होऊन दुपारीच येणार असा हिशोब करून आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने यवतमाळहून निघालो. गणेशपेठ स्टँडवर उतरतोय तोच पीएचा फोन, "सर कुठे आहात, तुमची लक्षवेधी सकाळीच झाली ना." रात्री उशिरा क्रम बदलला होता, साडेनऊला, नेहमीच्या कामकाजाआधी, विशेष बैठक लावून लक्षवेधी तिकडे घेतल्या. सर्व्हिसचा सुधारित मेसेज आला ११:४० ला! आमच्यातल्या मॅडम गॅलरीच्या पाससाठी काढलेलं आधारकार्ड हातात धरून तिथेच बाकड्यावर बसल्या, बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. इतकी वर्षं बिनपगारी शिकवलं, मंत्र्यांचं उत्तर समोर बसून ऐकायचं होतं हो.

क्रम बदलला याबद्दल तक्रार नाही. कामकाज सल्लागार समिती वेळ ठरवते, अध्यक्ष क्रम बदलू शकतात, मंत्री नसले तर लक्षवेधी राखून ठेवतात, हे चालतंच. लोकसभेत १९ सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयकसुद्धा पुरवणी कार्यसूचीतूनच, म्हणजे मूळ यादीला मागाहून जोडलेल्या यादीतूनच आलं होतं. रात्रीची यादी पक्की नसतेच, म्हणून तर पैसे देऊन माणूस ठेवायचा ना? विचारलं तर म्हणे बदल आम्ही दुपारी एकत्र टाकतो.

बजेट अधिवेशनाला रिन्यू केलं नाही. आता आमचे एक सर सकाळी सातपासून विधिमंडळाची वेबसाइट बघतात आणि ग्रुपवर टाकतात. तुम्हाला अशी सर्व्हिस घ्यायचीच असेल तर पैसे भरायच्या आधी एवढं विचारा, विशेष बैठक लागली तर रात्रीच कळवता का.