व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर: डीटीपीच्या रोजच्या कामावर घासून पाहिल्यानंतर

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं नि फ्लेक्सची कामं घेणाऱ्या दुकानांचं दुखणं एकच. मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी, मांडणीला पेजमेकर, आणि या सगळ्यांच्या जुन्या आवृत्त्या. त्या विंडोज ७ वर निमूट चालतात, नव्या विंडोजवर कुरकुरतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हा ज्यांनी मशीनवर उबंटू २४.०४ हे लिनक्स घातलं आणि विंडोज ७ व्हर्च्युअलबॉक्सच्या (एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत हलवलं, त्यांच्यासाठी हा अनुभव. पत्रिकेचा मजकूर आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून उबंटूत उतरतात, मांडणी आतल्या विंडोजमध्ये होते, तयार पीडीएफ परत उबंटूत येते. ही ये-जा दोन्हीकडं दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमधून होते, आणि नेमकी तीच अपडेटनंतर अडते.

आधी चांगलं बोलू. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे ते इंटरनेटवर सोडणं शहाणपणाचं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर नेटवर्कवरून जात नाही. आतलं नेटवर्क कार्ड सेटिंगमध्ये पूर्ण बंद केलं तरी फोल्डर उघडतो. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही ही पद्धत सोडली नाही. पत्रिकेच्या आकाराच्या फायलींना वेगही पुरतो. हजारो बारीक फायलींचा फोल्डर मात्र एका झटक्यात ओढू नका, आधी झिप करा.

आता अपडेटचं. 'फोल्डर दिसत नाही' या एका तक्रारीच्या पोटात चार वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. बरेच जण थेट व्हर्च्युअलबॉक्स काढून परत घालतात. त्यात तास जातो आणि कारण तिथंच राहतं.

पहिला प्रश्न: आतलं मशीन मुळात चालू होतंय का? 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' आणि खाली उणे १९०८ हा आकडा दिसला, तर फोल्डरचा काही संबंध नाही. उबंटूनं नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) घेतला आणि व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीबॉक्सडीआरव्ही हे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) त्या कर्नलसाठी बांधलं गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डीकेएमएस (कर्नल बदलला की मॉड्यूल परत बांधणारं साधन), बिल्ड-इसेन्शियल (बांधणीची अवजारं) आणि चालू कर्नलचे हेडर ही तिन्ही पॅकेजं असल्याची खात्री करा. मग व्हर्च्युअलबॉक्स ओरॅकलच्या पॅकेजमधून घातलं असेल तर सुडो देऊन व्हीबॉक्सकॉन्फिग चालवा. उबंटूच्या भांडारातून घेतलं असेल तर डीपीकेजी-रिकॉन्फिगरला व्हर्च्युअलबॉक्स-डीकेएमएस हे नाव द्या. दोन्हीकडची पॅकेजं एकाच मशीनवर ठेवू नका, ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. कर्नल इतका नवा असेल की तुमची व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती त्याला ओळखतच नाही, तर मॉड्यूल कितीही वेळा बांधायला गेलात तरी बांधलं जाणार नाही. अशा वेळी बूट होताना येणाऱ्या ग्रब मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागच्या कर्नलवर बूट करा आणि दिवसाचं काम उरका. दारात लग्नघरची माणसं उभी असताना कर्नलशी झुंजण्यात अर्थ नाही.

मॉड्यूल बांधलं गेलं पण लोड होताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं, तर सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवरची सही त्याला मान्य नाही. उबंटूची किल्ली व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक या फोल्डरांच्या वाटेवर डीईआर फाइलच्या रूपात असते. मॉकयुटिलच्या इंपोर्टनं ती नोंदवा आणि आकडे-अक्षरांचा साधा पासवर्ड द्या. रीस्टार्टला निळा पडदा येईल. तिथं एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड आणि रीबूट या क्रमानं जा. हा पडदा थोडा वेळच थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन सरळ बूट होतं आणि नोंदणी राहून जाते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं हा झटपट उपाय आहे खरा, पण गिऱ्हाइकांची कागदपत्रं ज्या मशीनवर पडलेली असतात तिथं आम्ही तो करत नाही.

याच पायरीवर आणखी एक अडथळा येतो. २४.०४ चा मूळ कर्नल ६.८ होता, हार्डवेअर एनेबलमेंटच्या (नव्या हार्डवेअरसाठी नवा कर्नल देण्याच्या) वाटेनं तो पुढं ६.१४ झाला. ६.१२ पासून केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशनचं मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं, आणि मग व्हर्च्युअलबॉक्स 'व्हीएमएक्स रूट मोड'ची तक्रार करून थांबतं. इंटेलच्या मशीनवर केव्हीएम_इंटेल हे मॉड्यूल काढलं की लगेच चालतं. कायमसाठी कर्नलच्या ओळीत केव्हीएम-टिंब-एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड बरोबर शून्य लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा.

मशीन चालू झालं, पण आत फोल्डर नाही. इथं पहिला संशय आतल्या विंडोजमध्ये घालायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हर-संचावर, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्सवर. उबंटूचा कर्नल बदलल्यानं विंडोजमधल्या अ‍ॅडिशन्सना काही होत नाही. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती पुढं सरकली की त्या मागं पडतात. थोडा फरक चालून जातो, ७.० वरून पुढच्या मालिकेत गेलात तर मात्र नव्या घालाच. डिव्हायसेस मेनूतून सीडी लावा, इन्स्टॉलर चालवा, आतलं विंडोज रीस्टार्ट करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅडिशन्सच्या फोल्डरात जाऊन व्हीबॉक्सकंट्रोलला शेअर्डफोल्डर लिस्ट विचारा. यादीत तुमच्या शेअरचं नाव, आमच्याकडं 'काम', आलं तर अ‍ॅडिशन्स ठीक आहेत आणि भानगड बहुधा ड्राइव्हच्या अक्षराची आहे. मग नेट यूज झेड: \\व्हीबॉक्सएसव्हीआर\काम असं जोडून द्या. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून शेअरच्या सेटिंगमध्ये माउंट पॉइंटचा रकाना आहे. तिथं झेड आणि कोलनचं चिन्ह लिहून ऑटो-माउंटवर खूण केली की हे रोज करावं लागत नाही.

यादीत नाव आहे, पण पत्ता टाकला तरी उघडत नाही? मग रजिस्ट्रीत करंटकंट्रोलसेटच्या कंट्रोलखाली नेटवर्कप्रोव्हायडर, त्यात ऑर्डर, आणि त्यातली प्रोव्हायडरऑर्डर ही नोंद पाहा. स्वल्पविरामांनी तोडलेल्या त्या यादीत व्हीबॉक्सएसएफ हे नाव हवं. आतल्या विंडोजचं मोठं अपग्रेड झालं किंवा एखादं व्हीपीएन घालून काढलं की ते गळू शकतं. हातानं लिहा आणि रीस्टार्ट करा.

यादीतच नाव नसेल, तर अपडेटला दोष देण्याआधी एक बघा. चालू मशीनला शेअर जोडताना 'कायमचा' या पर्यायावर खूण करायची राहिली असेल, तर तो शेअर तात्पुरता असतो आणि मशीन पूर्ण बंद झालं की जातो. दुकानात आतलं मशीन क्वचितच पूर्ण बंद होतं, संध्याकाळी 'सेव्ह स्टेट' करून उठायची सवय असते. मग एक दिवस अपडेटसाठी ते बंद होतं, शेअर नाहीसा होतो आणि खापर उबंटूवर फुटतं. सेव्ह स्टेटचं दुसरं दुखणंही इथंच सांगायला हवं. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलल्यावर जुनी सेव्ह केलेली अवस्था उघडेलच असं नाही. ती टाकून द्यावी लागली तर पेजमेकरमध्ये न साठवलेलं सगळं गेलं. म्हणून अपडेटच्या आदल्या संध्याकाळी आतलं विंडोज शट डाउन करायचं, सेव्ह स्टेट नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज कशी जाते ते ठाऊक असणाऱ्यांना यूपीएसचं वेगळं सांगायला नको.

चौथा बिघाड फोल्डरच्या मुळाशी, म्हणजे उबंटूच्या बाजूला. शेअर दुसऱ्या डिस्कवर असेल आणि त्या डिस्कवर जुनी एनटीएफएस विभागणी असेल, तर त्याच मशीनवर उबंटूच्या जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या विंडोजच्या फास्ट स्टार्टअपनं ती अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडलेली असू शकते. उबंटू मग ती फक्त वाचण्यापुरती जोडतं किंवा जोडतच नाही. आत विंडोज ७ मध्ये फोल्डर दिसतो, फाइल उघडते, सेव्ह होत नाही. तासभर परवानग्या तपासत बसाल, दोष तिथं नसतोच. त्या दुसऱ्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. त्याहून बरं म्हणजे कामाचा फोल्डर उबंटूच्या ईएक्सटी४ विभागणीवर हलवा.

अपडेटशी संबंध नसलेल्या, पण त्याच्या नावावर खपणाऱ्या दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलचं नाव 'लग्नपत्रिका फायनल' असं देवनागरीत असेल, तर एक्सप्लोरर ते नीट दाखवतो आणि पेजमेकर मात्र प्रश्नचिन्हांची रांग दाखवून फाइल उघडायला नकार देतो. शेअर्ड फोल्डर युनिकोड नावं बरोबरच पोचवतो. युनिकोडच्या आधीचे प्रोग्राम विंडोजच्या अ‍ॅन्सी कोड पेजवर, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या जुन्या तक्त्यावर, चालतात, आणि देवनागरीला किंवा कन्नडला विंडोजमध्ये तसं कोड पेजच नाही. लोकेल बदलूनही उपयोग नाही. फाइल आत नेण्याआधी नाव रोमन अक्षरांत करा. दुसरी गोष्ट, जुना प्रोग्राम 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं चालवत असाल तर त्याला झेड ड्राइव्ह दिसत नाही, कारण साध्या लॉगिनमध्ये जोडलेला ड्राइव्ह अ‍ॅडमिनच्या सत्रात नसतो. फाइल ओपनच्या चौकटीत \\व्हीबॉक्सएसव्हीआर\काम असा पूर्ण पत्ता टाका, काम होतं.

आणि चालू फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवून काम करू नका. पेजमेकरची फाइल आतल्या विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर, शेअर फक्त देवाणघेवाणीला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर तिथं चुकूनही ठेवू नका. दोन बाजूंनी एकच फाइल उघडली तर लॉकिंगचा भरवसा देता येत नाही. ड्रॅग-अँड-ड्रॉपची सोयही आहे, पण कधी लागते, कधी नाही. ती आम्ही बंदच ठेवली.

बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय असल्यानं इंजिनिअरिंगची पोरं उलटी रचनाही बरीच वापरतात: बाहेर विंडोज ११, आत उबंटू. तिथं आतल्या उबंटूचा कर्नल बदलला की व्हीबॉक्सएसएफ मॉड्यूल परत बांधावं लागतं. हेडर घाला, आरसीव्हीबॉक्सअ‍ॅडला सेटअप द्या, चुकलं तर व्हार-लॉगमधली व्हीबॉक्सअ‍ॅड-सेटअप फाइल वाचा, कारण त्यात लिहिलेलं असतं. फोल्डर मीडियाखाली एसएफ_काम नावानं दिसतो पण 'परमिशन डिनाइड' म्हणतो, तेव्हा स्वतःला व्हीबॉक्सएसएफ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट केल्याशिवाय गट लागू होत नाही. कोड मात्र उबंटूच्या होम फोल्डरातच ठेवा. शेअरवर सीएचमॉड चालत नाही आणि सिमलिंक मुळात बंद असतात.

दुकानात एकापेक्षा जास्त मशीन असतील तर शेअर्ड फोल्डर अपुरा पडतो, मग साम्बा, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटणारा प्रोग्राम. त्यासाठी आतलं नेटवर्क कार्ड मात्र चालू ठेवावं लागतं. आतल्या विंडोजला नॅट जोडणीवर यजमान मशीनचा पत्ता १०.०.२.२ असा मिळतो. विंडोज ७ ला एसएमबी (नेटवर्कवर फाइली वाटण्याची विंडोजची पद्धत) २.१ येतं, त्यामुळे साम्बा ४.११ पासून बंद असलेलं एसएमबी १ उघडायची गरज नाही. ती वेळ फक्त एक्सपीवाल्यांवर येते. शेअर होम फोल्डरात ठेवू नका, उबंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते आणि इतरांना आत शिरता येत नाही. एसआरव्हीखाली फोल्डर करा, एसएमबीपासडब्ल्यूडीनं खातं तयार करा. काउंटरवरचं मशीन विंडोज ११ प्रो असेल आणि २४एच२ वर गेलं असेल, तर बिनपासवर्डचा पाहुणा प्रवेश त्याला चालत नाही आणि एसएमबी सही तो सक्तीची धरतो. होम आवृत्तीत ही सक्ती नाही, म्हणूनच शेजारच्या दुकानात तोच शेअर उघडतो आणि तुमच्याकडे नाही. सही बंद करण्यापेक्षा नाव-पासवर्ड द्या, दोन मिनिटांचं काम आहे.