संस्थेच्या प्रकल्पाला पैसा कुठून? पालिका, ग्रामपंचायत, आमदार-खासदार निधी आणि सीएसआर यांची तुलना

वस्तीत अभ्यासिका काढायची आहे, संस्था नोंदलेली आहे, मेहनत घेणारी माणसेही आहेत, फक्त पैसा नाही. अशा वेळी बहुतेक कार्यकारिणी सदस्य आधी ओळखीचा नगरसेवक किंवा कंपनी शोधतात आणि अंदाजपत्रक नंतर करतात. हा क्रम उलटा करा, कारण कोणते दार ठोठवायचे हे खर्चाच्या स्वरूपावरूनच ठरते.

एक नमुना घेऊ. चाळीस मुलांची अभ्यासिका. फरशी, रंग, वीजजोडणी आणि स्वच्छतागृह मिळून ३,६०,००० रुपये. टेबल, खुर्च्या, कपाटे ९०,०००. पुस्तके ५०,०००. सांभाळणाऱ्या व्यक्तीचे मानधन महिना १०,००० प्रमाणे वर्षाला १,२०,०००. वीज, इंटरनेट, साफसफाई महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. पहिल्या वर्षाची बेरीज ६,८०,०००. यातले ५ लाख एकदाच लागतात, १,८०,००० दरवर्षी लागतात. तीन वर्षांचा चालू खर्च ५,४०,००० होतो, म्हणजे अभ्यासिका उभारण्यापेक्षा ती चालवणे महाग आहे. सरकारी निधी जवळजवळ नेहमी पहिल्या भागाला मिळतो. दुसऱ्या भागासाठी सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च), देणगीदार किंवा माफक मासिक शुल्क एवढेच मार्ग उरतात. प्रस्ताव फसतात ते बहुधा इथेच: एकच अर्ज करून सगळी रक्कम एकाच ठिकाणी मागितली जाते.

महापालिका: काम मिळते, पैसा हातात येत नाही

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरून कोणीही रहिवासी आपल्या प्रभागातले काम सुचवू शकतो. त्यासाठी संस्था नोंदलेली असण्याचीही गरज नाही. एका कामाला ५ लाखांची मर्यादा वर्षानुवर्षे राहिली आहे. यंदाच्या जाहीर सूचनेत ती आणि अर्जाची मुदत पाहून घ्या. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार होते, प्रस्ताव प्रभाग समितीपुढे जातो आणि निवडलेले काम पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात येते. म्हणजे सप्टेंबरात सुचवलेले काम लवकरात लवकर पुढच्या एप्रिलनंतर. त्यापुढे निविदा आणि कार्यारंभ आदेश धरले तर प्रत्यक्ष हातोडा पडेपर्यंत वर्ष उलटते.

मर्यादा मोजताना जीएसटी विसरू नका. पालिकेच्या बांधकामावर १८ टक्के कर धरला जातो, त्यामुळे आपल्या नमुन्यातले ३,६०,००० चे काम ४,२४,८०० वर जाते. ते ५ लाखांत बसते. मूळ काम सव्वाचार लाखांच्या वर गेले की बसत नाही, आणि मग त्याचे तुकडे करावे लागतात किंवा ते मागे पडते.

अर्ज नामंजूर होण्याची कारणे ठरलेली आहेत. जागा पालिकेच्या मालकीची नाही. जागा खासगी सोसायटीच्या आत आहे. विकास आराखड्यात तिथे वेगळे आरक्षण आहे. किंवा मागणी मानधनाची, शिबिराची, कार्यक्रमाची आहे. पहिल्या तिन्हींचा उलगडा मालमत्ता पत्रक आणि विकास आराखड्याच्या नकाशावरून अर्जाआधीच होतो. अर्जात ‘अभ्यासिका व्हावी’ एवढेच लिहू नका. सर्वेक्षण क्रमांक किंवा पालिकेच्या मिळकतीचे नाव, खोलीचे मोजमाप, कोणती कामे आणि किती चौरस फूट, असे लिहिलेला अर्ज अभियंत्याला पूर्वगणनपत्रकात जसाच्या तसा वापरता येतो. तोच पुढे सरकतो.

नगरसेवकाच्या हातातल्या तरतुदींचा, पुण्यात ज्याला ‘स’ यादी म्हणतात त्याचा, रस्ता वेगळा असला तरी शेवट तोच: काम पालिकेचे, ठेकेदार पालिकेचा, बिल पालिका भागवणार. या वाटेला वेग असतो, पण ती त्या नगरसेवकावर आणि त्याच्या कार्यकाळावर टिकून असते. २०२२ पासून अनेक महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा ही वाट बंद पडून किती कामे अडली हे संस्थांना माहीत आहे. नागरिकांचे अंदाजपत्रक त्या काळातही मागता येत होते. म्हणून ते सावकाश असले तरी आम्ही त्याला अधिक भरवशाचे मानतो.

यातली सर्वांत मोठी जोखीम मात्र काम झाल्यावर समोर येते. तुमच्या पाठपुराव्याने उभी राहिलेली खोली पालिकेची मिळकत असते. ती चालवायला कोणाला द्यायची हे मालमत्ता व्यवस्थापन विभाग ठरवतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ खाली मिळकत भाड्याने देण्याचे नियम आहेत, आणि बऱ्याचदा निविदा निघते. दोन वर्षे धावपळ केलेल्या संस्थेला ती खोली मिळेलच असे नाही. म्हणून काम सुचवतानाच चालवण्याचा प्रश्न लेखी विचारा: भाडे किती, मुदत किती, वीजबिल कोणाच्या नावावर. उत्तर समाधानकारक नसेल तर आधीच चालू असलेल्या पालिका वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात संध्याकाळी जागा मागणे शहाणपणाचे.

पालिकेचा पैसा थेट संस्थेच्या खात्यात येण्याचा एक प्रकार आहे, तो सेवा कराराचा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. तिचे उत्पन्न मुख्यतः घरांकडून घेतलेल्या शुल्कातून येते. मुंबईत वस्ती स्वच्छतेचे काम स्थानिक संस्थांना देण्याची पद्धत आहे. हे अनुदान नव्हे, कामाचा मोबदला आहे: हजेरीपत्रक, मोजणी, दंडाची कलमे, सगळे येते. देयके उशिरा निघतात हे धरून तीन-चार महिन्यांचे मानधन हातात नसेल तर या वाटेला जाऊ नका.

ग्रामपंचायत: छोटी रक्कम, पण जवळचे दार

गावात हीच अभ्यासिका ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. अबंधितमधूनही पगार किंवा आस्थापना खर्च करता येत नव्हता. त्यामुळे स्वच्छतागृह बंधितमधून आणि खोलीची दुरुस्ती अबंधितमधून मागण्याची पद्धत रुळली आहे. एकाच कामाचे असे दोन भाग केले की ग्रामसेवकालाही सोपे जाते. पुढच्या आयोगाच्या अटी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

आयोगाखेरीज ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. मुलींसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी खोली असलेली अभ्यासिका यातल्या पहिल्या शीर्षात मागता येते. रक्कम लहान असते. पाच लाख स्वउत्पन्नाच्या गावात १० टक्के म्हणजे ५०,०००, पुस्तकांपुरते.

इथे वेळापत्रकच सगळे ठरवते. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीअखेर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. एकदा चढला की नवे काम घालायला पूरक आराखडा लागतो. म्हणून मागणी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा आणि २ ऑक्टोबरच्या सभेत ती इतिवृत्तात आली का ते वाचून घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे आलेला ठराव ग्रामसभेत सहसा कोणी डावलत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा लागतो. सभा तहकूब होऊन महिना जाऊ नये म्हणून आपली माणसे घेऊन जा. जागेचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या मिळकतीचा नमुना ८ चा उतारा जोडा.

आमदार आणि खासदार निधी: मोठे बांधकाम असेल तरच

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. महाराष्ट्रात आमदार निधीही ५ कोटींवर गेला आहे. दोन्हींत लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतो. मंजुरी, यंत्रणा आणि पैसा जिल्हाधिकारी व जिल्हा नियोजन कार्यालयाच्या हातात असतो. त्यामुळे खासदाराचे पत्र मिळाले म्हणजे काम मंजूर झाले असे समजून ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

खासदार निधीतून नोंदणीकृत संस्थेच्या जागेवर सार्वजनिक उपयोगाचे बांधकाम होऊ शकते, पण संस्था समाजकार्य करणारी आणि किमान तीन वर्षे जुनी हवी, आणि आधी जिल्हा प्राधिकरणाशी करार करावा लागतो. मालमत्ता सर्वांना खुली ठेवावी लागते, परस्पर विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. खासदार किंवा त्यांचे कुटुंबीय कार्यकारिणीत असतील तर ती संस्था अपात्र ठरते. धार्मिक स्थळावरचे काम, जमीन खरेदी, मानधन, वीजबिल यांना या निधीत स्थान नाही, आणि बांधलेल्या वास्तूला व्यक्तीचे नावही देता येत नाही. संस्थेच्या सभेत आजोबांच्या नावाचा हॉल ठरवून बसलेले विश्वस्त या अटीवर अडतात.

आचारसंहितेचा फटका या वाटेला सर्वाधिक बसतो. कार्यारंभ आदेश निघाला असला तरी जागेवर काम सुरू झालेले नसेल तर निवडणूक संपेपर्यंत ते सुरू करता येत नाही. अभ्यासिकेच्या खोलीची नुसती डागडुजी करायची असेल तर या निधीच्या मागे लागू नका. नवा हॉल किंवा वाढीव मजला बांधायचा असेल तेव्हाच हा खटाटोप परवडतो.

सीएसआर: चालू खर्चासाठी उपयोगी, कागदांना कडक

ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा अधिक आहे तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा संस्थेच्या खात्यात येतो आणि त्यातून मानधन देता येते, हे बाकी तिन्ही वाटांपेक्षा वेगळे आहे.

प्रस्तावात एक चूक सतत दिसते: अभ्यासिका सांभाळणाऱ्याचे मानधन ‘प्रशासकीय खर्च’ या शीर्षाखाली लिहिले जाते आणि कंपनी ५ टक्क्यांची मर्यादा दाखवून ते कापते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारे मानधन हा प्रकल्पखर्च आहे, तसेच लिहा.

मोठ्या नावांमागे न लागता जवळच्या एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्या शोधा. ज्यांचे वर्षाचे दायित्व ५० लाखांच्या आत आहे त्यांना सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेते. १,८०,००० रुपयांचा प्रस्ताव तिथे एका बैठकीत मार्गी लागू शकतो. वर्षाचा आराखडा एप्रिल ते जुलैमध्ये ठरतो, तेव्हा भेटा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा घाईने दिला जातो, पण त्याबरोबर ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्राची मागणीही येते, आणि वर्षभराचे मानधन तीन आठवड्यांत खर्च दाखवता येत नाही. तीन वर्षांसाठी मदत हवी असेल तर तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते.

कागद चार: आयकर विभागाकडची १२एबी नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या अर्जाचा नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. सीएसआर-१ भरताना सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणन लागते.

सगळीकडे अडवणारा एक कागद

धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे संस्थेची आणि विश्वस्तांची नोंद, आजच काढा. त्यावर जुन्या, कधी दिवंगत विश्वस्तांची नावे असतील तर बदल अर्ज प्रलंबित आहे. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली दाखल करायचा असतो आणि बऱ्याच संस्था वर्षानुवर्षे करत नाहीत. मग करारावर सही कोण करणार हाच प्रश्न उभा राहतो. बँक केवायसी अडवते, कंपनीचा विधी विभाग फाइल परत पाठवतो. लेखापरीक्षण अहवालही सलग तीन वर्षांचे, धर्मादाय कार्यालयाची पोच असलेले हवेत.

मग आपल्यासाठी काय?

शहरात पालिकेच्या जागेची डागडुजी: नागरिकांचे अंदाजपत्रक. गावात: ग्रामपंचायत आराखडा. संस्थेच्या मालकीच्या जागेवर नवे बांधकाम: खासदार किंवा आमदार निधी. मानधन, वीज, पुस्तके: सीएसआर आणि देणग्या. नमुन्यातल्या अभ्यासिकेला आम्ही पहिला आणि शेवटचा मार्ग एकाच वर्षात लावू, पण सीएसआरचा करार पालिकेचा कार्यारंभ आदेश हातात आल्यावर करू, नाहीतर मानधन सुरू होते आणि खोलीच तयार नसते. पालिकेकडे काम कुठवर आले हे तोंडी कळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदेच्या तारखा मागा.

संस्था तीन वर्षांची झालेली नसेल तर खासदार निधी आणि सीएसआर ही दोन्ही दारे तूर्त बंद आहेत. तेव्हा परिसरातल्या जुन्या, कागद पूर्ण असलेल्या न्यासाबरोबर लेखी करार करा: पैसा आणि हिशेब त्यांच्याकडे, काम तुमच्याकडे, दर महिन्याला किती रक्कम कोणत्या पावतीवर मिळेल हे करारात. त्या तीन वर्षांत स्वतःचे लेखापरीक्षण, इतिवृत्ते आणि मुलांच्या हजेरीच्या वह्या नीट ठेवा. तीन वर्षांच्या अनुभवाचा पुरावा म्हणून कंपनी नेमक्या त्याच मागते.