एडमंड बर्कची भाषणं (इंग्रजी पेपरबॅक): ४ स्टार, घ्याच

ऑनलाइन मागवलं, अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार बर्क, त्याची निवडक भाषणं आणि पत्रं आहेत. आधी छपाईचं सांगून टाकते कारण स्टार तिथेच कापलाय. अक्षर बारीक, तळटीपा जवळपास नाहीतच, मागे सूची पण नाही, म्हणजे एखादं नाव परत शोधायचं तर पानं चाळत बसा. कागद मात्र चांगलाय, पेन्सिलने खुणा करता येतात आणि त्या कराव्या लागतातच.

२२ मार्च १७७५ चं, अमेरिकेतल्या बंडाच्या तयारीतल्या ब्रिटिश वसाहतींशी समेट करा सांगणारं भाषण, त्या एकावर पैसे वसूल. बर्क पार्लमेंटला तोंडावर सांगतो की बळाचा असर तात्पुरता असतो, आज दाबलंत तरी उद्या परत दाबावं लागणार, आणि जो देश सारखा जिंकत राहावा लागतो त्याच्यावर तुमचं राज्य आहे असं म्हणताच येत नाही. शिवाय लढाईत तो मुलूखच उद्ध्वस्त झाला तर हाती काय येणार? पुढे तो सरळ आकडेच काढतो, १७०४ मध्ये इंग्लंडची सगळी मिळून निर्यात ६५ लाख पौंड आणि १७७२ मध्ये नुसत्या वसाहतींना ६० लाख! हवेतलं स्वातंत्र्य त्याला मान्यच नाही, ते कशात तरी ठोस दिसलं पाहिजे, आणि इंग्रजांच्या बाबतीत ते करात दिसतं, आमच्या संमतीशिवाय आमच्या खिशात हात घालायचा नाही. त्याचा ठराव ७८ विरुद्ध २७० मतांनी पडला आणि महिन्याच्या आत अमेरिकेत लेक्सिंग्टनला गोळीबार होऊन युद्धच सुरू झालं. हे माहीत असून वाचताना फार वाईट वाटतं.

मराठी माणसाने १ डिसेंबर १७८३ चं भाषण तर सोडूच नये. ईस्ट इंडिया कंपनीने कोणाकोणाला विकलं याची यादीच वाचतो हा माणूस: मराठ्यांचं राज्य राघोबाला विकलं, मग राघोबालाच पेशव्यांच्या हवाली केलं, मग दोघांनाही वऱ्हाडच्या राजापुढे विक्रीला काढलं, शिंदे पण त्यातच. वऱ्हाडचा राजा म्हणजे नागपूरकर भोसले, इथे एका ओळीची टीप द्यायला काय हरकत होती! इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आपण शाळेत वाचलेला असतो, पण तोच सगळा व्यवहार लंडनच्या सभागृहात असा उघडा पडलेला वाचणं वेगळंच आहे.

शेवटची फ्रान्सवरची पत्रं, १७९६ ची, मला पटली नाहीत. अमेरिकन लोक आपले जुने हक्क सांभाळत होते आणि फ्रेंचांनी क्रांतीत सगळंच मुळापासून उपटलं, हा त्याचा फरक समजतो, पण राजाला मारणाऱ्यांशी तह नाहीच, लढतच राहा, हे सांगताना लढून शेवटी उरणार काय हा स्वतःचाच जुना प्रश्न तो विचारत नाही.

मजकूर नेटवर फुकट मिळतो, पण वाक्यं एवढी लांब आहेत की मोबाईलवर धागा सुटतो, त्यामुळे कागदावरच वाचा. टीपा असलेली आवृत्ती मिळाली तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्या.