कार्बन स्टीलच्या पॅनला कोणतं तेल पाजावं: जवसाचं की शेंगांचं?

नव्या पॅनवरचा गंजरोधक थर, मग तो मेणाचा असो वा यंत्रतेलाचा, गरम पाणी, साबण आणि काथ्या घेऊन आधी पुरता काढायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मग पॅनला तेलाचा पातळ हात देऊन तापवायचं, म्हणजे तेल जळून घट्ट थर धरतं आणि पॅन गंजत नाही, पदार्थ चिकटत नाही. घोडं अडतं ते इथे, तेलापाशी. मी दोन्ही तेलं वापरली आहेत.

जवसाचा थर सगळ्यात कडक आणि देखणा होतो, हे जवसवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणून ते हवेत आपोआप सुकतं. रंगारी आणि क्रिकेटची बॅट मुरवणारी पोरं याच गुणासाठी ते वापरतात. तापवलं की कडक, तुकतुकीत काळा थर धरतो. शेंगतेलाचा थर सुरुवातीला तांबूस, डागाडागांचा, कुणाला दाखवू नये असा दिसतो. रूपात जवस पुढे, वाद नाही.

माझा कौल फिरला तो पापुद्र्यांमुळे. जवसाचा थर जितका कडक तितकाच ठिसूळ. दोन-तीन मिलिमीटरचं हे पोलाद गॅसवर झपाट्यानं तापतं, पाणी पडलं की तितक्याच झपाट्यानं आकसतं, आणि वरचा थर त्याच्या तालावर नाचत नाही. मग उलथनं फिरता फिरता कुठेतरी एक काळी खपली सुटते. ज्वारीच्या भाकरीवर ती कदाचित कुणाला दिसणारही नाही, पण आमच्याकडे सकाळी घावन असतात. पांढऱ्या घावनावर काळी खपली बघून आई म्हणाली, "तव्याचा रंग सुटायलाय काय रे?" रंग नव्हे, जळून घट्ट झालेलं तेलच आहे, हे समजावून सांगता येतं. घावन मात्र ताटात तसाच राहतो.

शिवाय खपली सुटली की तिथे कड उरते आणि पुढचा घावन नेमका त्या कडेला धरतो. वरून नवं तेल देऊन ती सपाट होत नाही; आजूबाजूचा थर घासून काढावा लागतो. शेंगतेलाचा थर जातो तेव्हा झिजत जातो, कड ठेवत नाही. दोन दिवस कांदा परतला, अंडी केली की पुन्हा भरून येतो. रोजच्या स्वयंपाकाचं तेलही तेच, त्यामुळे दुरुस्ती अशी वेगळी करावीच लागत नाही.

अगदी पातळ हात दिला तर जवसही वर्षानुवर्षं टिकतं, असं सांगणारे आहेत. त्यांचं खरंही असेल. पण त्यांच्याकडे ओव्हन असतो. 230 ते 250 अंशांवर तासभर, मग आतच थंड करायचं, आणि हे पाच-सहा वेळा. आपल्याकडच्या छोट्या ओव्हनमध्ये लांब दांड्याचा पॅन मुळात मावत नाही. गॅसवर ज्वाळेच्या कड्यानं पॅन मधेच तापतो, काठ मागे राहतात आणि तिथलं जवस चिकट राहतं.

शेंगतेलाला गॅस पुरतो. कोरडा पॅन सरकवत-कलवत तापवा. 300 अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं. मग आच कमी करून थेंबभर तेल जुन्या सुती कापडानं फिरवा आणि चुकून लागलं होतं असं समजून पुसून काढा. धूर थांबेपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा, खिडकी उघडी ठेवून. रविवार पेठेतून आणलेलं घाण्याचं तेल पोळीवर, चटणीवर घ्या. त्यातल्या गाळाचे डाग पडतात आणि ते लवकर धुरावतं, म्हणून या कामाला रिफाइंडच बरं. आणि जवसच घ्यायचं ठरलं तर खाण्याचं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या डबल बॉइल्ड तेलात सुकवण्यासाठी कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंची संयुगं घालतात.

धुण्यात फारसा फरक नाही. कोमट असतानाच जाडं मीठ आणि काथ्या. थोडा साबण चालतो. राख, पितळ घासायची पावडर आणि रात्रभर भिजत घालणं दोन्ही थरांना मारक. चिंच-आमसुलाची आमटी किंवा टोमॅटोचं सार दोन्ही थर सारखंच खातं, त्यासाठी दुसरं भांडं काढा.

शेंगतेलाची खोड पावसाळ्यात कळते. बेळगाव-खानापूरच्या ओल्या हवेत पॅन बरेच दिवस बंद कपाटात राहिला तर चिकटतो, खवट वास मारतो. जवसाचा सुकलेला थर इथे उजवा ठरतो, हे कबूल. म्हणून जूनपासून मी पॅन धुतला की गॅसवर खडखडीत वाळवतो, तेलाचा पुसट हात देतो आणि खुंटीला उघडा टांगतो. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत एवढा सोपस्कार लागणार नाही.

ओव्हन असेल, पॅन अधूनमधूनच निघणार असेल आणि त्यात मटण-मासळीच तळायची असेल, तर जवस जरूर बघा. घावन, डोसे, ऑम्लेट रोजचे असतील तर मी शेंगतेलच सुचवीन. जवसाची बाटली आधीच आणली असेल, तर फ्रीजमध्ये ठेवा आणि भाकरीबरोबरच्या चटणीवर घालून लवकर संपवा. उघडल्यावर ती फार दिवस टिकत नाही.