मॉडेस्ट, हम्बल की डिम्युअर? ‘विनम्र’ला इंग्रजीत काय लिहायचं

शिफारसपत्र असो, लग्नाचा बायोडेटा असो की अनुवाद, ‘विनम्र’साठी कोश उघडला की तो तीन-चार इंग्रजी शब्द एकदम पुढे करतो. ते एकाच्या जागी दुसरा असे चालत नाहीत, आणि चूक झाली तर स्तुतीची नालस्ती होते.

‘मॉडेस्ट’चं मूळ लॅटिन ‘मोदुस’, म्हणजे माप. मापात राहणं, मापात दाखवणं हा त्याचा गाभा. म्हणून माणूस मॉडेस्ट असतो, तसंच भाडं, घर, पगारवाढही मॉडेस्ट असते. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द लागतो: माणूस विनयशील, भाडं माफक, परिस्थिती बेताची, पोशाख अंगभर. सापळा इथेच आहे. ‘शी इज मॉडेस्ट अबाउट हर वर्क’ म्हणजे काम मोठं, पण ती मिरवत नाही. ‘हर वर्क इज मॉडेस्ट’ म्हणजे कामच जेमतेम. तसंच ‘मॉडेस्ट कॉन्ट्रिब्यूशन’ स्वतःच्या कामाबद्दल लिहिलं तर विनय, दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहिलं तर कमीपणा. शिफारसपत्रात हा शब्द व्यक्तीला लावावा, तिच्या ज्ञानाला किंवा यशाला कधीही लावू नये.

‘हम्बल’ आला लॅटिन ‘हुमुस’वरून, म्हणजे जमीन. इथे प्रश्न मापाचा नाही, स्वतःला कोणत्या पायरीवर बसवता याचा आहे. सुवर्णपदक मिळालं आणि त्याचा उल्लेखही केला नाही, तो मॉडेस्ट. पदक मिळूनही दहा वर्षांनी लहान सहकाऱ्याकडे शिकायला बसला, तो हम्बल. मॉडेस्ट व्हायला दाखवण्याजोगं काही जवळ असावं लागतं, हम्बल व्हायला तशी अट नाही. घराबद्दलचा संकेत आपल्यासारखाच आहे. ‘आमच्या गरिबाघरी या’ म्हणतात, ‘तुमच्या गरिबाघरी येतो’ कुणी म्हणत नाही. आमंत्रणातलं ‘हम्बल होम’ही स्वतःचंच.

नामरूपात मात्र फार जपावं लागतं. ‘ह्युमिलिटी’ म्हणजे नम्रता, ‘ह्युमिलिएशन’ म्हणजे मानहानी. मूळ एकच, अर्थ उलटे. पुरस्कार मिळाल्यावर ‘आय ॲम हम्बल्ड’ लिहिण्याची पद्धत रुळली आहे खरी, पण या क्रियापदाचा जुना अर्थ गर्व उतरवणं असा आहे आणि पराभवाच्या बातमीत तो आजही त्याच अर्थाने येतो. ‘ग्रेटफुल’ लिहावं, त्यात कुणाचा गोंधळ होत नाही.

‘डिम्युअर’ दिसण्या-वागण्यापुरता: शांत, अबोल, नजर खाली. बहुतेक वेळा स्त्रीलाच लावतात, आणि हे सगळं वरवरचं असावं अशी छटाही त्यात डोकावते. उच्चारात जोर ‘म्युअर’वर. 2024 मध्ये टिकटॉकवरून तो जगभर पसरला आणि डिक्शनरी डॉट कॉमने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं, त्यामुळे आज त्याला थट्टेचा सूरही चिकटला आहे. बायोडेटात ‘सोज्वळ’साठी हा शब्द वापरू नका. मृदू बोलणं सांगायचं असेल तर ‘सॉफ्ट-स्पोकन’ पुरतो. ‘शाय’ म्हणजे लाजाळू आणि ‘डिफिडंट’ म्हणजे आत्मविश्वास कमी असलेला. हे दोन्ही गुण म्हणून लिहिण्याजोगे नाहीत.

एका जागी मात्र निवडीला वावच नाही: कायदा. ‘विनयभंग’ हा आपला रोजचा शब्द ज्या इंग्रजी कलमासाठी वापरतात, त्यात ‘मॉडेस्टी’च आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 354, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 74. इथला ‘विनय’ नम्रतेचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये साडेसात महिन्यांच्या मुलीच्या प्रकरणात सांगितलं की ही ‘मॉडेस्टी’ स्त्री असण्यातच आहे, पीडितेला समज असण्या-नसण्यावर ती अवलंबून नाही. त्यामुळे फिर्याद इंग्रजीत नेताना ‘ह्युमिलिटी’ किंवा ‘डिसेन्सी’ लिहिलं तर कलमाची भाषाच सुटते. तिथे ‘मॉडेस्टी’ हाच शब्द ठेवायचा, आणि मराठीत आणताना ‘नम्रता’ न लिहिता ‘विनयभंग’च.