मेश वायफाय बदलायचं की आहे तेच ठेवायचं? बरेच महिने वापरून काढलेलं उत्तर

माझ्याकडे तीन नोडवाला ड्युअल-बँड वायफाय ६ चा मेश सेट आहे. मेश म्हणजे एकाच नेटवर्कचे घरभर ठेवलेले वायफायचे डबे, त्यातला एकेक डबा म्हणजे नोड, आणि ड्युअल-बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर (बँडवर) चालणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, या वर्गातल्या बहुतेक सेट्सची रड थोड्याफार फरकाने हीच आहे. मध्यंतरी वायफाय ७ घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, कार्टमध्ये पण टाकून ठेवलेलं. नाही घेतलं आणि सध्या घेणार पण नाही, का ते सांगतो.

मुख्य तक्रार स्पीडची. मेन राउटरच्या खोलीत ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर पूर्ण ३०० मिळायचे आणि वरच्या मजल्यावर नोडला अगदी खेटून बसलं तरी १२०-१३०, फोनवर मात्र वायफायच्या काड्या फुल्ल. आता काड्या फुल्ल म्हणजे फोन आणि नोड यांचं बरं चाललंय एवढंच, नोड आणि मेन राउटर यांच्यात काय चाललंय ते तिथे दिसतच नाही. या सेटमध्ये ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ एकच, राउटरकडून घ्यायचं पण त्यावरच आणि तुमच्या फोनला द्यायचं पण त्यावरच, एका वेळी एकच काम, म्हणून दर वायरलेस टप्प्याला स्पीड साधारण निम्म्यावर येतो. मध्ये स्लॅब आला की अजून घसरतो. आणि बॉक्सवर ते ३००० छापलेलं असतं ना, ती दोन्ही बँडच्या कागदावरच्या कमाल वेगाची बेरीज आहे, एका फोनला ती कधीच मिळत नाही. लोक अशा वेळी चौथा नोड घेतात. तो आधीच्या नोडला वायरलेसच जोडणार असाल तर अजून एक टप्पा वाढला, दुसरं काय.

मी राउटरपासून वरच्या नोडपर्यंत साधी कॅट ५ई नेटवर्क केबल ओढली. जिन्याच्या कडेने, पट्टीत घालून, दिसायला फार सुंदर नाही पण चालतंय. त्याच नोडवर, त्याच फोनवर २८० च्या वर. स्पीडपेक्षा मला सुखावलं ते पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ), आधी राउटरलाच पिंग केलं तर ५ मिलीसेकंदावरून मध्येच ६० वर उडी मारायचं, आता २-३ वर गप्प बसलेलं असतं. व्हिडिओ कॉलवर आवाज रोबोटसारखा व्हायचा तो प्रकार बंद. कॅट ५ई वरून १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं, पुढे २.५ गिगाबिटचं काही घेतलं तरी हीच वायर चालेल, म्हणजे सेट बदलला तरी हा खर्च वाया नाही. फक्त नोडला मागे लॅन पोर्ट आहे का ते आधी बघा, काही सेट्समध्ये छोट्या नोडला पोर्टच नसतो.

केबलने न सुटलेली गोष्ट म्हणजे रोमिंग, फोनने एका नोडवरून दुसऱ्यावर जाणं. खालून बोलत वर गेलं की फोन खालच्याच नोडला चिकटून बसायचा, नवा नोड दोन हातांवर आणि हा आपला जुन्यावर कुरकुरतोय. नोड कधी बदलायचा हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो, त्यामुळे नवीन महागडा सेट आणून पण हे जाईलच असं नाही. मी खालच्या नोडची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद) मीडियमवर आणली तेव्हा बराच फरक पडला. सगळं फुल पॉवरवर ठेवायचा मोह होतो, पण त्यानेच फोन जुन्या नोडला सोडत नाही.

आता वायफाय ७. सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ३२० मेगाहर्ट्झचे चॅनल (चॅनल जितका रुंद तितका वेग जास्त), एकाच वेळी दोन बँड वापरणारं एमएलओ, कागदावर जबरदस्तच. पण ते ३२० फक्त ६ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या बँडवर, आणि स्वस्तातले काही वायफाय ७ सेट ड्युअल-बँड असतात, त्यात ६ गिगाहर्ट्झच नसतो! डबा ७ चा, आत निम्मी मजा गायब. शिवाय ६ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे ५ पेक्षाही लवकर मान टाकतो. माझा फोन आणि लॅपटॉप वायफाय ६ चे, टीव्ही वायफाय ५ चा, स्मार्ट प्लग तर नुसत्या २.४ वर, यातलं कोण वापरणार होतं ते ३२०? हां, वायर टाकणं शक्यच नसेल, भाड्याचं घर वगैरे, तर बॅकहॉलला, म्हणजे नोड आणि राउटर यांच्यातल्या जोडणीला, वेगळा बँड देणारा ट्राय-बँड सेट घेण्यात अर्थ आहे, तिथे एमएलओचा पण खरा उपयोग होतो. गिगाबिटच्या वरचा प्लॅन असेल तरी बदला, कारण गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० च्या आसपासच निघतात.

मी बदलेन ते सिक्युरिटी अपडेट बंद होतील तेव्हा. घरातला सगळा ट्रॅफिक ज्याच्यातून जातो तो डबा अपडेटशिवाय चालवायची माझी तरी तयारी नाही, स्पीड कितीही चांगला असो. अॅपमध्ये शेवटच्या फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) तारीख दिसते, ती अधूनमधून बघतो, अजून तरी येताहेत. अॅप बाकी भंगार आहे, २.४ आणि ५ वेगळे करायची सोय नाही, त्यामुळे नवीन प्लग जोडायचा म्हटलं की गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर चालू करून त्याला तिथे बसवावं लागतं.